अक्का या शब्दापायी बंद केलेला ब्लॉग

ख्रिस्ती ब्लॉग सुरू करू नका. झाला माझा सल्ला. आता पान उलटलंत तरी माझी हरकत नाही.

पण संपादकबाईंनी नाताळ अंकात माझ्यासाठी पानं राखून ठेवलीत. फोनवर म्हणाल्या, "अण्णा, नऊ वर्षं ब्लॉग चालवलात तुम्ही. आपल्यातली पोरंपोरी आता लिहायला बघतायत, त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगा. जरा उत्साह येईल असं लिहा." उत्साह! मी म्हटलं, बाई, माझ्याकडे तेवढं सोडून सगळं आहे. त्या हसल्या. त्यांना वाटलं म्हातारा विनोद करतोय.

मी मूळचा मुद्रितशोधक. म्हणजे छापखान्यात मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारा माणूस. हुबळीच्या बाजारातल्या एका छापखान्यात माझी हयात गेली. लग्नपत्रिका, शाळेची गाईडं, दुकानांची कॅलेंडरं, मराठी आणि कन्नड दोन्ही. एकदा लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जिवंत बापाच्या नावाआधी 'कै.' पडलं होतं. शाई लागायच्या आत मी ते पकडलं. तो बाप दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन हजर! माझ्या हातून चूक सुटत नाही, असं लोक म्हणायचे आणि मीही मान डोलवायचो. हा गर्व मी छापखान्यातून निघताना सोबत घेऊन आलो, तो सांगून ठेवतो.

निवृत्त झालो त्याच वर्षी आमच्या मराठी मंडळीचं मासिक बंद पडलं. मंडळी म्हणजे आमचा चर्चचा समाज. धारवाडात मराठी उपासना महिन्यातून दोनच रविवारी होते, तीही कन्नड मंडळीची उपासना आटोपल्यावर, त्यांच्याच चर्चमध्ये, दुपारी चारला. चाळीसेक डोकी. त्यातली निम्मी घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड बोलतात आणि भांडण दोन्हीत करतात. या चाळीस डोक्यांसाठी कोण मासिक काढणार? मग पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, म्हणाले, अण्णा, तुम्ही ब्लॉग काढा. ब्लॉग म्हणजे आपल्या अंगणाच्या भिंतीवर टांगलेला फळा. आपण लिहायचं, येणाराजाणारा वाचेल. खर्च नाही, कागद नाही, वरती साहेब नाही. केळगेरीच्या माझ्या घरात खिडकीशी टेबल मांडलं आणि लागलो कामाला.

पहिला पंधरवडा माथ्यावर चित्र कुठलं घालायचं यात गेला. कबुतर की क्रूस, यावर मंडळीत दोन तट पडले. कबुतर घातलं, तर एका आजोबांनी कळवलं की हा पारवा दिसतोय. पोरांनो, चित्राच्या भानगडीत पडू नका. पांढरी पाटी आणि काळी अक्षरं पुरे झाली.

मग वाचक आले. वाचक नावाचा प्राणी काय असतो, ते छापखान्यात कळत नाही, तिथं तो लांब असतो. ब्लॉगवर तो तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. उणकलचे एक गृहस्थ माझे बायबलच्या वचनांचे आकडे तपासायचे. अध्याय बरोबर असला तरी ओवी चुकली की सकाळी सातला फोन. 'हॅलो' नाही, 'सलाम' नाही, थेट "सोळा नव्हे, सतरा!" एक प्रवचनकार दर रविवारी टिपण पाठवायचे आणि नावाआधी 'डॉ.' घाला म्हणून बजावायचे. डॉक्टरेट कसली म्हणून विचारलं तर म्हणाले, पोस्टानं आली. एकानं तर माझाच लेख उचलून, खाली स्वतःचं नाव घालून, मलाच व्हॉट्सॲपवर धाडला. शेवटी लिहिलं होतं, 'आमेन लिहून दहा जणांना पाठवा.' मी आमेन लिहून पाठवलं. काय करणार!

चांगला वाचक एकच भेटला, आणि तो आमच्यातला नव्हता. गजाननराव. हुबळीत त्यांचं कापडाचं दुकान आहे. आजोबा मिरजेकडून आले, तेव्हापासून घरात मराठी जपून ठेवलेली. म्हणायचे, "अण्णा, देव तुमचा तुमच्यापाशी. मी भाषेसाठी वाचतो. इथं पोरांना वाचायला देण्यासारखं मराठी आहे कुठं दुसरं?" नऊ वर्षांत त्यांचा एक लेख चुकला नाही. मला त्यांचा फोन आला की दिवस बरा जायचा.

आता साक्षीबद्दल सांगतो, कारण सगळं तिथंच नासलं.

बाहेरच्या लोकांची साक्ष कोर्टात असते. आमच्यात उपासनेच्या वेळी उभं राहून, देवानं आपल्यासाठी काय केलं ते चार माणसांत सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. कुणाची नोकरी लागली, कुणाची दारू सुटली. सांगणारा रडतो, ऐकणारे रडतात. ही साक्ष ब्लॉगवर घातली की वाचकांची झुंबड उडते. मी ख्रिस्ती गीतांच्या जुन्या चालींवर आठ दिवस खपून लेख लिहिला तर वीस जण वाचणार, आणि साक्ष घातली की फोन गरम! सवय लागते हो त्या आकड्याची. मी सकाळी चहाच्या आधी तो आकडा बघायला लागलो होतो, खोटं कशाला बोलू.

उणकलला आमच्या मंडळीतल्या सुशीलाबाई राहतात. शाळेचे गणवेश शिवतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. थोरली मुलगी एस्तेर, बालवाडीत शिकवते, आणि तिच्या पाठचा एक मुलगा. सुशीलाबाईंना पूर्वी फेफरं यायचं. त्या माहेरी थोरल्या, भावंडं अक्का म्हणायची, ते ऐकून पोटची पोरंही त्यांना अक्काच म्हणतात. आमच्या भागात हे घरोघर आहे. मी स्वतः जन्मभर माझ्या आईला वहिनी म्हणत आलो.

एस्तेरचं लग्न ठरलं होतं, कलघटगीच्या एका कन्नड ख्रिस्ती घरात. मुलगा सॅम्युएल, बाप निवृत्त शिक्षक. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, साखरपुडा झालेला. लग्न तोंडावर आलं, तेव्हा पोरीला भरून आलं आणि तिनं उपासनेत उभी राहून साक्ष दिली. "आमच्या अक्काला फेफरं यायचं. भांडी घासता घासता पडायची. आम्ही हातात लोखंडी किल्ली द्यायचो, कांदा हुंगवायचो. शेजारी दारं लावून घ्यायचे. देवानं तिला उठवून उभी केली, आज ती माझ्या लग्नाची साडी निवडत्येय." चर्चमध्ये डोळे न पुसणारं कुणी नव्हतं.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. "ब्लॉगवर घालू का गं?"

"घाला की अण्णा. फक्त नाव नको."

सुशीलाबाई दहा पावलांवर चपला शोधत होत्या. आजार त्यांचा. त्यांना मी विचारलं नाही. मनातसुद्धा आलं नाही.

घरी येऊन लिहायला बसलो. नाव नको म्हणजे ओळख लपवली पाहिजे. मी काय शक्कल लढवली? मुलीचा मुलगा केला! 'उणकलच्या शिवणकाम करणाऱ्या एका कुटुंबातला तरुण सांगतो' अशी सुरुवात केली. लग्नाची साडी काढून टाकली. बाकी साक्ष तिच्याच शब्दांत, 'आमच्या अक्काला फेफरं यायचं' या वाक्यानंच उघडणारी. एकेक अनुस्वार तपासला. गुरुवारी ब्लॉगवर घातली, आणि वर शहाणपणा म्हणून कलघटगीच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात लिंक धाडली. त्यांचे पाळक बरेच दिवस साक्षी मागत होते.

पहिला फोन गजाननरावांचा. "अण्णा, ही अक्का म्हणजे आई की थोरली बहीण?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला बहीण वाटली. आपल्याकडं कन्नडात अक्का म्हणजे बहीणच की."

"मग आता आई समजा," मी म्हटलं. "मराठी वाचकाला संदर्भानं कळतं." "बरं," म्हणाले. दुकानदार माणूस, गिऱ्हाइकाशी वाद घालत नाहीत. मी मात्र आपल्या हजरजबाबीपणावर खूश.

आता तुम्हीच बघा. उणकल, शिवणकाम, एक मुलगा, आणि त्याची अक्का. कलघटगीत कुणीतरी ते कन्नडात उतरवून गटात टाकलं. कन्नडात अक्का म्हणजे थोरली बहीण. त्या घरातल्या मुलाची थोरली बहीण कोण? एस्तेर. मी नाव लपवलं नव्हतं, बोट दाखवून ठेवलं होतं.

आमच्यात लग्नाआधी ओळीनं तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचून दाखवतात आणि कुणाची हरकत आहे का म्हणून विचारतात. पहिल्या रविवारी कलघटगीत नावं वाचली गेली. कुणी हूं की चूं केलं नाही. त्यानंतर लोकांनी फोन उघडले असणार. मंगळवारी सॅम्युएलच्या आत्यानं सुशीलाबाईंना विचारलं, "मुलगी अजून पडते का?" सुशीलाबाईंनी सांगितलं, अहो बाई, ती अक्का म्हणजे मी. आत्या म्हणाली, आई मुलीसाठी काहीही बोलेल. सॅम्युएलनं त्या दिवसापासून एस्तेरचा फोन उचलला नाही.

फेफरं येणं म्हणजे काही पाप नाही, रोग आहे. पण लग्नाच्या बाजारात रोगापेक्षा लपवाछपवीला लोक जास्त भितात, आणि त्या घराला वाटलं आपल्याला फसवलं.

बुधवारी एस्तेर आणि सुशीलाबाई केळगेरीला माझ्याकडे आल्या. एस्तेरनं रडून घेतलं होतं, डोळे सुजलेले. म्हणाली, "अण्णा, आमचं कुणी ऐकत नाही. तुम्ही बाहेरचे, तुम्ही लिहिलंय. तुम्ही कलघटगीला चला, तोंडानं सांगा. तुमचं ऐकतील."

"अगं, मी लिहितो की खुलासा. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं."

सुशीलाबाई म्हणाल्या, "मग माझं नाव घाला. फोटो घाला. सुशीलाबाईला फेफरं यायचं म्हणून मोठ्या अक्षरात लिहा. मला आता कसली लाज?"

"असं उघडंवाघडं नको हो. मी शब्दात बसवतो."

आमची बायको चहा घेऊन आली होती. दोघी गेल्यावर तिनं मला झापलं. "लिहायलाय काय बसून? तासाभराचा रस्ता आहे. उठा, बस पकडा, त्या माणसासमोर उभं राहा आणि सांगा माझी चूक झाली म्हणून. पोरीचा जन्म टांगलाय तिकडं!"

माझी चूक झाली! तेच तर तोंडातून निघत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, स्वतःची सांगायची वेळ आली तर जीभ टाळ्याला चिकटली. मी खिडकीशी बसलो आणि लिहिलं. काय लिहिलं? 'अक्का: एक शब्द, दोन भाषा.' मराठीत त्याचा वापर कसा, कन्नडात कसा, आपल्या सरहद्दीवरच्या घरांत आईला अक्का, वहिनी, काकी का म्हणतात, अगदी माझ्या आईच्या उदाहरणासकट. आणि सगळ्यात शेवटी दोन ओळी की मागच्या साक्षीतली अक्का म्हणजे आई समजावी, वाचकांचा गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहे. वाचकांचा! मोठे फाकडू शब्द. शुक्रवारपर्यंत मी तो लेख घासूनपुसून लख्ख करत होतो.

त्या लेखाला नऊ वर्षांतले सगळ्यात जास्त वाचक मिळाले. बेळगावहून एका प्राध्यापकांनी अभिनंदन केलं. कलघटगीत तो कुणी वाचला नाही, मराठीतला एवढा लांब लेख कोण वाचणार?

रविवारी तिथल्या चर्चमध्ये दुसऱ्यांदा नावं वाचायची होती. आमच्या मंडळीतले एक जण मुद्दाम जाऊन बसले होते. दुसऱ्या दोन जोडप्यांची नावं वाचली. सॅम्युएल आणि एस्तेर ही नावं वाचली नाहीत. कुणी कारण सांगितलं नाही की कुणी विचारलं नाही, पुढचं गीत सुरू झालं.

सोमवारी मी बस पकडली. हो, तेव्हा पकडली.

सॅम्युएलच्या वडिलांनी मला बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. शांत माणूस. मी सगळं सांगितलं: अक्का म्हणजे आई, मुलीला कधीच काही नव्हतं, बोलणारी एस्तेर होती, ओळख लपवायला मी तिला मुलगा केलं.

ते म्हणाले, "नीवऽ बरदीरल्रि." तुम्हीच लिहिलंत ना. आणि पुढं त्यांच्या कन्नडात जे बोलले त्याचा अर्थ असा: "अण्णा, साक्षीत मुलीचा मुलगा केलात, म्हणजे एक खोटं तुम्ही आधीच लिहिलंय. आज दुसरं सांगताय. यातलं खरं कुठलं, ते मी कशावरून ओळखायचं?"

मी म्हटलं, देवाशपथ सांगतो.

"ती साक्षसुद्धा देवाचीच होती की."

मग म्हणाले, "आईला होतं असं पहिल्याच दिवशी कळलं असतं तर आमचं काही म्हणणं नव्हतं. माझ्या स्वतःच्या भावाला होतं ते. गेल्या गुरुवारी जरी तुम्ही आला असतात तरी मी पोराला समजावलं असतं. आता त्याची आई हट्टाला पेटलीय, पोरगं गप्प झालंय. मी एकटा काय करू?" ते मला बसस्टँडपर्यंत सोडायला आले. मला त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लग्न मोडलं ते मोडलंच. ब्लॉगही मी बंद केला. सॅम्युएलचं पुढच्या वर्षी दुसरीकडे झालं. त्या दोघांची नावं तीन रविवार वाचली गेली, असं कळलं.

तरुण मित्रांनो, तुम्हाला सूचना पाहिजेत ना? नाव लपवलं म्हणजे माणूस लपत नाही, आपल्याएवढ्या छोट्या समाजात तर मुळीच नाही. ज्याचा आजार त्याला विचारा. शंका आलेल्या वाचकाचे पाय धरा. आणि चूक झाली की कीबोर्ड बाजूला ठेवून चपला घाला. आता हे सगळं मला येतं, आणि याचा एस्तेरला काडीचा उपयोग नाही.

पण संपादकबाई, इथं थांबलो असतो तर लेख छान झाला असता. एक चूक झाली, शब्दाचा घोटाळा झाला, दोन भाषांच्या सरहद्दीवर असं होतं म्हणून लोक हळहळले असते. दोन वर्षं मी लोकांना असंच सांगत आलो. बायकोलासुद्धा.

कलघटगीहून आल्यावर आठवड्यानं एस्तेर पुन्हा घरी आली. एकटीच आत आली. खुर्चीवर बसली नाही. फोनवर ती साक्ष उघडून धरली होती. म्हणाली, "अण्णा, मी चर्चमध्ये एक वाक्य बोलले होते. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हापासून अक्काला दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या, आणि अजून रोज एक गोळी खाते. ते यात कुठंय?"

ते वाक्य असतं तर जगातल्या कुठल्याही भाषेत कुणाचा गोंधळ झाला नसता. लग्न होऊन आलेली बाई. मुलाची बहीण कशी होईल?

"लेख लांबत होता गं," मी म्हटलं.

"एका वाक्यानं?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो.

"अण्णा, आता तरी खरं सांगा."

मग सांगितलं. म्हटलं, "गोळ्या लिहिल्या असत्या तर चमत्कार कमी वाटला असता."

तिनं फोन पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन लावली. आणि अगदी हळू विचारलं, "चमत्कार काय तुमचा होता का, अण्णा?"

सुशीलाबाई बाहेर रिक्षात बसून होत्या. त्या आत आल्याच नाहीत.